नारळ काही बुडेना

नारळ काही बुडेना.

मी तो हातमोजे काढून, दोन्ही हातांनी, आमचे बाबा सोडायचे तसा पाण्यात सोडला होता. नारळ डुबुक करून आत गेला, तसाच वर आला आणि शेंडी वर करून भोकात तरंगत बसला. मालवणात नारळ सोडला की लाट घेऊन जाते, आपण पाठ फिरवून घरी यायचं. इथे लाट कुठली यायला? पायाखाली दोन फूट जाड बर्फ, त्यात वीतभर रुंदीचं एक भोक, आणि भोकात माझा नारळ.

"जाईना की हे," रेवण म्हणाला.

"जाईल. ढकल जरा."

रेवणने बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाच्या दांड्याने नारळ खाली दाबला. नारळ दिसेनासा झाला. मी हात जोडले. दांडा वर आला, मागोमाग नारळही वर आला.

"तांडेल सर, झाऱ्याने काढून घेऊ का?" भोकातला बर्फाचा चुरा काढायला आमच्याकडे एक मोठा झारा होता.

"वेडा की काय तू? दिलेला नारळ परत घेतात?"

"मग आता या भोकात मासे कसे धरायचे?"

दहा पावलांवर काळमेघ पाठमोरा उभा होता, हात खिशात घालून, तळ्याच्या पलीकडच्या झाडांकडे बघत. त्याने वळून पाहिलं.

"रेवण," तो म्हणाला, "त्याले सांग, ते भोक माहं होतं."

रेवणने माझ्याकडे बघितलं. "सर म्हणतात, ते भोक त्यांचं होतं."

"मी बहिरा नाही रे," मी म्हटलं.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही उत्तर ऑन्टारिओतल्या एका गावात कागदाच्या गिरणीत कामाला होतो. गाव एवढंसं, थंडी एवढी मोठी, आणि दोनशे मैलांत मराठी घरं तीन. मी भालचंद्र तांडेल, मालवणचा. श्रीधर काळमेघ, अमरावतीकडचा, वरूडचा, संत्र्यांच्या मुलखातला. आणि रेवणसिद्ध हत्तुरे, सोलापूरचा, आमच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. रेवणचे वडील शाळामास्तर, त्यामुळे तो जगातल्या सगळ्यांना सर म्हणायचा. घर लिंगायत, पोरगं अंड्यालाही शिवत नसे, आणि गिरणीच्या ख्रिसमसच्या सोडतीत नेमका त्यालाच गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचा सगळा संच लागला. तंबू, गिरमीट, हातभर लांबीच्या दोन काठ्या, त्यांना रिळं, झारा, शेगडी. देव देतो चणे तेव्हा दात नसतात, ते हे असं. तीन वर्षं तो संच त्याच्या तळघरात पडून होता.

तो बाहेर काढायची कल्पना माझी. कारण काळमेघ आठ महिने माझ्याशी बोलत नव्हता, आणि येत्या मंगळवारी तो नोकरी बदलून पार अल्बर्टाला चालला होता. हा शनिवार होता. त्याच्या आत तो माझ्याशी धड बोलला नाही, तर पुढे जन्मभर बोलणार नाही, हे मला पक्कं कळलेलं होतं. घरात तो दार लावून घ्यायचा, गिरणीत पाठ फिरवायचा. म्हटलं, तंबूत कुठे जाईल? रेवणला मी बजावून ठेवलं होतं की माझं नाव सांगू नकोस. पण रेवणच्या तोंडात तीळ भिजत नाही. तरीही काळमेघ आला. गाडीत मागच्या सीटवर बसला आणि दीड तास खिडकीतून बर्फ बघत राहिला.

आता चूक माझीच होती, ती सांगतो.

आमच्या मालवणीत 'मेल्या' हा शब्द शिवी नाही. म्हणजे शिवीच आहे, पण लाडाची. आई पोराला जेवायला हाक मारते तीसुद्धा "मेल्या, जेवाक ये" अशी. मी काळमेघला पहिल्या दिवसापासून मेल्या म्हणायचो. तो मला बे म्हणायचा. चार वर्षं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या जूनमध्ये एका सकाळी तो कॅन्टीनमध्ये आला, समोर बसला आणि नुसता टेबलाकडे बघत राहिला. मी आपला नेहमीच्या चालीवर म्हणालो, "काय मेल्या, असा तोंड कित्याक पाडलंस? कोण मेला काय?"

तो उठला आणि निघून गेला. दुपारी रेवणकडून कळलं की पहाटे त्याचे वडील वारले.

मी धावत त्याच्या घरी गेलो आणि दारात उभा राहून काय केलं असेल? शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. आमच्याकडे हा शब्द प्रेमाने वापरतात, त्याची व्युत्पत्ती काय, आई कशी हाक मारते. माणसाचा बाप गेलेला आणि मी त्याची शिकवणी घेत होतो. तो म्हणाला, "झालं?" आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी तो भारतात गेला.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तो परत आल्यापासून मी त्याच्याशी एक शब्द वावगा बोललो नाही. मेल्या तर सोडाच, साधं अरेसुद्धा नाही. श्रीधरराव, आपण, या, बसा. जेवढी चूक मोठी तेवढा मान मोठा, असा माझा हिशेब. पण काळमेघ काही विरघळेना. कामापुरतं 'हाव' आणि 'नाई', त्यापुढे शुकशुकाट.

त्या दिवशी सकाळी नारळ सोडण्याआधी मी रीतसर गाऱ्हाणंही घातलं होतं. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. उणे अठ्ठावीसमध्ये टोपी काढून मी सुरू केलं:

"बा तळ्या म्हाराजा, आज ही तुझी तीन लेकरां सात समुद्र ओलांडून तुझ्या पायाकडे इली हत. तेंका माशाची गाठभेट घालून दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रेवण म्हणाला. त्याला मी गाडीतच शिकवलं होतं.

"तेंच्या हातापायाची बोटां शाबूत ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे त्याने मनापासून म्हटलं.

"आणि ह्या लेकरांपैकी कोणाच्या तोंडातसून उणो-अधिक शब्द गेलो असात, तर तो पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून काळमेघकडे बघितलं. तो कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढत होता. चेन आधीच गळ्यापर्यंत होती.

तर असं ते भोक नारळाने अडवलं. देवाशपथ सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. दोनच भोकं पाडली होती, एक तंबूत आणि एक बाहेर, काळमेघने स्वतःसाठी दूर निवडलेलं. हाताचं गिरमीट फिरवून दोन फूट बर्फ कापायला अर्धा तास लागतो आणि त्यानंतर दंडात काही उरत नाही. तिसरं पाडायची कुणाची तयारी नव्हती. त्यामुळे काळमेघला तंबूत यावं लागलं. तीन उलट्या बादल्या, त्यांवर तिघे, मध्ये एक भोक. गुडघ्याला गुडघे लागत होते. काळमेघ शक्य तेवढा रेवणकडे सरकून बसला.

"शेंगाचटणी घ्या," रेवण म्हणाला. त्याने सोलापुरी कडक भाकरी आणल्या होत्या. तो म्हणाला की या थंडीत टिकणारं हे एकच अन्न, कारण ती आधीपासूनच कडक असते. भाकरी मोडल्याचा आवाज तंबूत घुमला.

एका भोकात दोन गळ सोडले तर दोर गुंततात, म्हणून काठी एकच, आणि ती काळमेघच्या हातात दिली. पाहुणा तो होता. इथल्या तळ्यात लेक ट्राउट म्हणून मासा असतो, आपल्या रावसाचा चुलतभाऊ म्हणा. साठ-सत्तर फुटांवर तळाशी हिंडतो. काठी हळूच वर उचलायची, खाली सोडायची, पुन्हा उचलायची.

"तांडेल सर, तुम्ही तर कोळीवाड्यातले," रेवण म्हणाला. "तुम्हीच शिकवा की."

"कोळी नव्हे, आम्ही गाबीत. आणि मी काय शिकवणार?" एरवी मी एवढ्यावर तासभर गजाली मारल्या असत्या. आडनावातच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. खरी गोष्ट अशी की होडीत मला उलट्या व्हायच्या. मी खडकावर बसून गरी टाकायचो. पण गरीवर मासा कसा खेळवायचा ते बाबांनी शिकवलं होतं. मासा लागला की पहिल्या झटक्याला दोर सोडायचा. बाबा म्हणायचे, माशाक वाटाक व्हया, आपण सुटलंव. तो दमला की मग ओढायचा. पहिल्यालाच आवळून धरलात तर गेला.

हे सगळं मला काळमेघला सांगायचं होतं. पण न विचारता शिकवणी घेण्याचं फळ मी एकदा चाखलं होतं, म्हणून गप्प राहिलो.

साडेअकराच्या सुमाराला काठीचं टोक एकदम पाण्याकडे वाकलं.

"लागलं," रेवण ओरडला.

काळमेघने दोन्ही मुठींनी काठी घट्ट आवळली आणि रीळ दाबून धरलं. अगदी करू नये तेच. दोर भोकाच्या कडेला घासत होता, काठी करकरत होती. मी बादलीवरून अर्धा उठलो आणि अत्यंत अदबीने म्हणालो, "श्रीधरराव, मी काय म्हणतो, आपली हरकत नसेल तर आपण दोर जरासा सैल—"

टक्कन आवाज झाला. काठी सरळ झाली.

रेवणने तोंडावर हात ठेवला. त्याचे खांदे हलत होते. "हरकत नसेल तर," तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना.

काळमेघने काठी मांडीवर ठेवली. मग त्याने आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तांडेल, एवढं लंबं वाक्य आयकेपर्यंत मासा थांबते काय?"

"मला वाटलं—"

"काय वाटलं तुले? मासा बी श्रीधरराव आहे?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"जे म्हणत होता ते म्हण ना बे."

बे. मी ते ऐकलं, पण त्याचं काय करायचं ते मला कळलं नाही. "तेच तर चुकलं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी तेच तर—"

"त्या दिवशी पायटे चार वाजता फोन आला," काळमेघ म्हणाला. तो आता भोकाकडे बघून बोलत होता. "बायको-पोरं सुट्टीत नागपूरले. घरात मी एकटा. भिंतीले सांगू काय, का बाप गेला म्हणून? म्हटलं कॅन्टीनमधी तांडेल असंन. तुलेच सांगायले आलो होतो मी."

रेवणचं हसू थांबलं.

"आणि मी विचारलं, कोण मेलं का."

"हाव. राग आला. लय आला. पण तो विमानात बसलो तवाच उतरला. बापाच्या तेरवीले मी लहान्या भावाले तुही गोष्ट सांगतली, अन् आम्ही दोघं मांडवामांगं जाऊन हासलो. बाप असता तं तोही हासला असता." त्याने नाक पुसलं. "वापस आलो, तं तू दारात हात जोडून उभा. श्रीधरराव, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मी म्हटलं, करंन दोन-चार दिवस, मंग येईन ठिकाणावर. आठ महिने झाले ना बे."

"मी मान देत होतो तुम्हाला."

"पाह्य, अजून तुम्हालाच." त्याने मान हलवली. "मान कायले पायजे मले? बायको अहो म्हणते. हा रेवण सर म्हणते. गिरणीत मिस्टर म्हणतात. मले अरे म्हणणारे दोनच होते, एक बाप अन् एक तू. एकाच महिन्यात दोघंही बंद पडले."

मला काय वाटलं ते सांगतो. मला माझी लाज वाटली. आठ महिने मी रोज सकाळी त्याला अदबीने नमस्कार घालत होतो, आणि तो रोज सकाळी वाट बघत होता, की आज तरी हा माणूस मला मेल्या म्हणेल. मी त्याला तो शब्द तिथल्या तिथे द्यायला हवा होता. तो अगदी ओठांपर्यंत आला आणि त्या नारळासारखा तिथेच अडून बसला. सवय मोडलेली होती. शिवाय असं कुणी समोर बसून वाट बघत असताना मेल्या म्हणता येत नाही. ते आपोआप यावं लागतं.

"दुसरा गळ लावतो मी," रेवण हळूच म्हणाला. तो गळ लावू शकला नाही, कारण त्याला आमिषाच्या मासळीला हात लावायचा नव्हता. मी लावला. काठी पुन्हा काळमेघच्या हातात दिली. दोर खाली गेला. आम्ही तिघे भोकाकडे बघत बसलो. चटणी संपली, चहा संपला, रेवणने त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पूर्ण हकिकत सांगितली आणि तीही संपली. माझ्या मनात एकच होतं. मंगळवार.

दोन वाजून गेले असतील. काठी इतक्या जोरात वाकली की काळमेघ बादलीवरून पुढे झुकला आणि पुन्हा त्याने दोन्ही मुठींनी रीळ आवळून धरलं.

"सोड!" मी ओरडलो. "सोड मेल्या, सोड! जाव दी तेका, आवळू नको, मेल्या!"

त्याने सोडलं. रीळ किरकिरत फिरायला लागलं, दोर सरसर खाली चालला. आणि काळमेघ भोकाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. डोळे भरलेले, तोंड उघडं.

"माझ्याकडे काय बघतस मेल्या, माशाकडे बघ! आता थांबलो बघ. ओढ. हळू. धावलो काय परत सोड."

त्याने ओढलं, सोडलं, ओढलं. मी त्याच्या कानाशी अखंड बडबडत होतो आणि प्रत्येक वाक्यात मेल्या होतं. आठ महिन्यांचे साठलेले सगळे त्या दहा मिनिटांत खर्च केले. शेवटी भोकात काळसर पाठ दिसली, तिच्यावर फिकट ठिपके. काळमेघचे हात काठीला, माझे हात दोराला, आणि मासा भोकात तोंड वर करून फडफडत होता.

"रेवण, धर!"

"मी?"

"मग काय तळं धरील? कल्ल्यांच्या मागे धर आणि उचल!"

रेवणने डोळे मिटले, दोन्ही हात पाण्यात घातले आणि हातभर लांबीचा तो मासा उचलून छातीशी धरला. मासा त्याच्या कोटावर शेपटी आपटत होता. "आईला सांगू नका," तो डोळे मिटूनच म्हणाला. "दोघांपैकी कुणीही माझ्या आईला सांगू नका."

काळमेघ खाली बर्फावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड बाहीत लपवलं. बराच वेळ त्याने ते बाहेर काढलं नाही, आणि आम्हीही त्याला हाक मारली नाही. मी माशावर बर्फ पसरत राहिलो.

तीनला आम्ही तंबू आवरला. सूर्य कलला होता आणि वारा सुटला होता. सामान घसरगाडीवर बांधून निघालो तेव्हा वाटेत ते दुसरं भोक लागलं. भोक आता उरलंच नव्हतं. पाणी पुन्हा गोठलं होतं आणि बर्फातून नारळाची शेंडी तेवढी वर आली होती.

रेवण पुढे गेला. मी घसरगाडीची दोरी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे चाललो होतो. काळमेघ मागे थांबल्याचं माझ्या लक्षात आलं, म्हणून वळलो. तो नारळापुढे उभा होता. त्याने टोपी काढून काखेत धरली आणि जाडजूड हातमोजे एकमेकांना लावले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

"आता काय सर?" रेवण लांबून ओरडला.

"काई नाई. सकाळचं राह्यलं होतं." मग त्याने टोपी कानांवर ओढली आणि माझ्या खांद्यावरची अर्धी दोरी आपल्या खांद्यावर घेतली. "चाल आता मेल्या," तो म्हणाला. "बोटं गोठून राह्यली."